दुसरा कूलर

त्रिमूर्तीनगरात माझ्या मावशीचं घर आहे. होळी झाली की काका मागच्या शेडमधला कूलर बाहेर काढतात, गंज चढला असेल तिथे खरवडून रंगाचा हात मारतात आणि जाळ्यांमधलं जुनं गवत फेकून नवं भरून घेतात. पाडव्याच्या सुमारास आमच्याकडे शेजारीपाजारी एकमेकांना ‘कूलर लावला का?’ असं विचारतात. ‘जेवण झालं का’सारखाच प्रश्न, उत्तराची फारशी अपेक्षा नसलेला.

तीसेक वर्षं त्या घरात एकच कूलर होता. समोरच्या खोलीच्या खिडकीला बाहेरून टेकवलेला, लोखंडी स्टँडवरचा, विमान उतरतंय असा आवाज करणारा. मेअखेरच्या नवतप्यात पारा ४५ च्या वर गेला की त्याच्यापुढे ओळीने गाद्या पडत. काका, मावशी, त्यांची दोन मुलं आणि सुट्टीत आलेले आम्ही भाचे. थेट वाऱ्यात कोण झोपणार यावरून रोज भांडण व्हायचं आणि काका ते रोज एकाच पद्धतीने मिटवायचे: ती जागा स्वतः घेऊन.

पाणी भरणं हा दोघांचा कार्यक्रम असे. नळ मोरीत, कूलर बाहेर. काका पाइप घेऊन अंगणात उभे, मावशी नळाशी. ‘सोडू का हो?’ ‘सोड.’ मग काही वेळ शांतता, आणि टाकी काठोकाठ आली की काकांचा आवाज: ‘बस, बस, बंद कर!’ मावशीला ऐकू येईपर्यंत तुळशीला पाणी मिळालेलं असायचं. ‘बहिरी झाली काय तू?’ ‘तुम्ही आधी सांगत जा ना.’ सकाळ-संध्याकाळ, मार्च ते जून.

नऊ वर्षांपूर्वी दुसरा कूलर आला. कारणं सगळी शहाणपणाची होती. काकांना रात्री दोनदा उठावं लागायचं आणि दिवा लावल्याने मावशीची झोप मोडायची. तिला गुडघ्यांवर थेट वारा सोसेना. ते अकरापर्यंत बातम्या बघत, ती साडेनऊला आडवी होई. मुलगा पुण्याला, मुलगी हैदराबादला. मुलाची खोली रिकामीच होती. तेव्हा त्या खोलीच्या खिडकीला एक कूलर, उन्हाळ्यापुरता. ऑक्टोबरात कूलर शेडमध्ये गेले, काकांची खाट तिथेच राहिली.

‘भांडणबिंडण काही नाही गं आमचं,’ मावशी मला म्हणाली. ‘सोय आहे.’

या लेखासाठी वर्षभर मी ओळखीपाळखीतल्या जोडप्यांशी बोलते आहे. नावं कुणाचीच देणार नाही; पंचवीस लाखांचं शहर म्हणत असले तरी नागपूर लहान आहे, धंतोलीत शिंकलं तर प्रतापनगरात ‘शतायुषी’ म्हणतात. ही सगळी वीस, तीस, चाळीस वर्षं संसार केलेली माणसं. मारहाण नाही, दारू नाही, तिसरं माणूस नाही. या प्रत्येक घरात मला एक शब्द ऐकू आला, तो हाच: सोय. एकमेकांपासून लांब गेलेल्या माणसांना ‘हे कधी सुरू झालं?’ असं विचारलं की ती एखादं भांडण आठवू बघतात, आणि सापडतं काय, तर एखादी खाट, वेगळा टीव्ही, बदलीची ऑर्डर.

मावशीच्या घरात आता चहाची दोन पातेली आहेत, बिनसाखरेचं एक. काका पहाटे पाचला फिरायला जातात, ती सातला मैत्रिणींबरोबर. ते सकाळी दहाला जेवतात, जुनी वीज मंडळातली सवय, ती एकला. परवा मी तिथे बसले असताना तिचा फोन वाजला. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांचा निरोप होता: ‘उद्या दूधवाला येणार नाही.’ पुण्याच्या मुलाने अंगठा दाखवला, हैदराबादच्या मुलीने अंगठा दाखवला, मावशीनेही दाखवला. काका पलीकडच्या खोलीत होते. मधलं दार उघडं होतं.

*

मराठीत लग्न मोडण्याला शब्द भरपूर आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांत काहीतरी तुटतं किंवा फुटतं. घटस्फोट हा मुळात धर्मशास्त्रातला विधी, पतिताला जातीबाहेर काढताना पाण्याने भरलेली घागर लवंडण्याचा. तो शब्द नंतर नवरा-बायकोंच्या वाट्याला आला. काडीमोड म्हणजे पंचांसमोर गवताची काडी मोडणं. सोडचिठ्ठीला कागद लागतो, फारकतीला हिशेब. या सगळ्यांत एक क्षण असतो, त्याला साक्षीदार असतात. अबोल्यात तर निम्मं प्रेमच असतं: तो धरावा लागतो, आणि धरलेलं कुणीतरी सोडवावं अशी आशा असते. मावशीच्या घरात अबोला नाही. तिथे बोलण्याचं काम कमी होत गेलं आहे, एखाद्या खात्यातली पदं रिक्त होत जावीत तसं.

‘दुरावा’ म्हणता येईल. पण तो शब्द सिनेमावाल्यांनी वापरून वापरून पातळ केला आहे. तो ऐकला की पाऊस पडायला लागतो.

कायद्याचंही असंच. त्याला आधी तुटणं कळलं, विरणं फार उशिरा. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ साली झाला, पण नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. इथल्या ज्या जातींत काडीमोडीची चाल होती त्यांना रूढीने वाट मिळे. ज्यांच्यात नव्हती त्यांना १९५५ चा हिंदू विवाह कायदा येईपर्यंत वाट नव्हती. तो कायदा ज्या हिंदू कोड बिलातून निघाला, त्यासाठी झगडलेल्या डॉ. आंबेडकरांनी बिल रखडलं म्हणून १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, आणि पाच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, ते दीक्षेसाठी याच शहरात उभे राहिले. गंमत अशी की त्या दिवशी बौद्ध झालेल्यांच्या लग्नांनाही लागू होतो तो हाच कायदा. त्याच्या व्याख्येत बौद्ध येतात.

१९५५ च्या कायद्यात आधी दोषच शोधावा लागे. परस्परसंमतीचं कलम, १३-ब, १९७६ च्या दुरुस्तीत आलं. त्याची पहिली अट अशी की दोघं किमान एक वर्ष ‘वेगळी राहत’ असली पाहिजेत. अर्ज केल्यावर पुन्हा सहा महिने थांबायचं, मग दोघांनी येऊन सांगायचं की अजूनही हेच हवं आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की समेटाची शक्यताच उरली नसेल तर हे सहा महिने माफ करता येतात.

नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात मी एका मैत्रिणीबरोबर गेले होते, १३-ब च्या दुसऱ्या तारखेला. अशा न्यायालयांचा कायदा १९८४ चा. आधी समेटाचा प्रयत्न करणं न्यायाधीशांवर बंधनकारक, त्यासाठी समुपदेशक नेमलेले, आणि वकील हा पक्षकाराचा हक्क नाही, परवानगीचा मामला. व्हरांड्यात तरुण जोडपी होती, त्यांच्याभोवती माहेरची माणसं, सासरची माणसं, एक रडणारं पोर. मैत्रीण आणि तिचा नवरा एकाच बाकावर बसले होते. दोघं पन्नाशी ओलांडलेली, सव्वीस वर्षांचा संसार. त्याने तिला विचारलं, पाण्याची बाटली आणली का? तिने आणली होती. दोघं प्यायली.

अर्जात कारण लिहिलं होतं: ‘स्वभाव न जुळल्यामुळे’. हे वाक्य अशा अर्जांत सर्रास असतं, वकिलांच्या संगणकात तयारच. मी तिला म्हटलं, सव्वीस वर्षं न जुळलेल्या स्वभावांनी काढली म्हणायची? ती म्हणाली, ‘जुळले होते गं. तेच तर कुठे लिहायचं?’

*

दास्ताने विरुद्ध दास्ताने हा खटला विधीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. मराठी घर, नवरा पुण्याचा, बायकोचं कुळ नागपूरचं. लग्न १९५६ चं, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७५ चा, न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेला. न्यायालयाने मानलं की बायकोचं वागणं क्रूरतेत बसतं. पण त्यानंतरही दोघांचा शरीरसंबंध चालू राहिला, तेव्हा नवऱ्याने ती क्रूरता माफ केली असं धरून त्याची विभक्ततेची मागणी नाकारली. कायद्याच्या भाषेत याला क्षमापन म्हणतात. साध्या भाषेत: एका अंथरुणावर झोपलात, म्हणजे मिटलं.

सोळा वर्षांनी, १९९१ मध्ये, त्याच न्यायालयापुढे सुरेष्टा देवी विरुद्ध ओमप्रकाश हा खटला आला. त्यात प्रश्न होता १३-ब मधल्या ‘वेगळं राहण्या’चा अर्थ काय. न्यायालयाने म्हटलं की याचा संबंध घराशी नाही, पती-पत्नी म्हणून राहण्या-न राहण्याशी आहे. परिस्थितीमुळे एका छपराखाली राहणारी माणसंही नवरा-बायको म्हणून राहत नसतील. आणि वेगवेगळ्या घरांत राहणारी तशी राहत असतील.

निकालपत्रं वाचून गलबलण्याची मला सवय नाही. पण या मुद्द्यापाशी मी थांबले. एका अंथरुणावरून सगळं ठीक आहे असं धरणाऱ्या कायद्याने सोळा वर्षांत एवढं पाहिलं होतं की त्याला एक छप्परही पुरावा म्हणून पुरेना. मावशीचं घर त्याला दिसलं होतं.

दिसलं म्हणून काही करता येतं असं मात्र नाही. लग्न पुन्हा जुळण्यापलीकडे मोडलं आहे हे घटस्फोटाचं स्वतंत्र कारण करावं अशी शिफारस विधी आयोगाने १९७८ मध्ये केली, २००९ मध्ये पुन्हा केली. २०१३ मध्ये राज्यसभेने तसं विधेयक मंजूरही केलं. लोकसभेत ते बारगळलं. मे २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की राज्यघटनेच्या कलम १४२ खाली सर्वोच्च न्यायालय स्वतः असा घटस्फोट देऊ शकतं. म्हणजे इथल्या माणसाला त्यासाठी दिल्ली गाठायला हवी.

आणि दिल्ली गाठूनही हो म्हणतीलच असं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात एक निकाल आला. नवरा ८९ वर्षांचा, हवाई दलातून निवृत्त. बायको ८२ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. लग्न १९६३ चं, तीन मुलं. १९८४ पर्यंत सगळं बरं चाललेलं. त्या साली त्यांची बदली अमृतसरहून मद्रासला झाली आणि त्या बरोबर गेल्या नाहीत. त्यानंतरची जवळजवळ चाळीस वर्षं वेगळी. न्यायालयाने त्यांना घटस्फोट दिला नाही. घटस्फोटिता म्हणून मरायचं नाही, या वयात आपण त्यांची काळजी घ्यायला तयार आहोत, असं बाईंचं म्हणणं होतं, ते राखलं. या निकालावर वर्तमानपत्रांत बराच वाद झाला. माझं लक्ष राहिलं ते मद्रासच्या बदलीवर.

*

बदली हा आमच्याकडे कौटुंबिक विषय आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय इथे, खाणी चंद्रपूर-वणी-उमरेडकडे. बँका, विमा, रेल्वे, महावितरण, शाळा. ‘अपडाऊन’ हा शब्द विदर्भात क्रियापदासारखा चालतो: तो वर्ध्याला अपडाऊन करतो, ती काटोलला अपडाऊन करते. नवं लग्न ठरताना मुलीकडचे पगाराआधी हेच विचारतात.

सरकारलाही याची जाणीव आहे, आणि ती त्याने किलोमीटरमध्ये मांडली आहे. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांच्या २०१७ च्या धोरणात ‘विशेष संवर्ग भाग २’ आहे, तो पती-पत्नींसाठी. दोघांच्या शाळांत ३० किलोमीटरहून जास्त अंतर असेल तर प्राधान्य. याला कार्यालयीन भाषेत ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ म्हणतात. जमिनीच्या तुकड्यांचं व्हावं तसं.

माझ्या ओळखीत असं एक जोडपं आहे. तो नरखेडच्या टोकाला, ती भिवापूरच्या. जिल्ह्याचे दोन कोपरे, मध्ये नागपूर. दोघांनी आपापल्या गावी खोली केलेली. पोरगी नागपुरात आजीजवळ. शनिवारी दुपारची शाळा सुटली की दोघं आपापल्या बसने नागपुरात बर्डीला उतरायचे, स्टँडवर चणे घालून तर्री-पोहा खायचे आणि घरी जायचे. सात वर्षं. मग एकत्रीकरण झालं.

‘आता खोटं काऊन बोलू,’ ती म्हणाली. ‘पहिले पंधरा दिवस पाहुणा आल्यावानी वाटे. साखर कुठं आहे, गाळणी कुठं आहे, विचारून राहिला. मी पण काही सांगाले गेली की त्याच्यासमोर नीट वाक्य तयार करून सांगायची, हेडमास्तरले सांगतो तसं. शनिवारच्या बसस्टँडवर आमचं बरं चाले.’

नवरा बाजूलाच बसला होता. तो म्हणाला, ‘हाव ना. तिथं वेळ कमी होता, बोलनं जास्त.’ मग दोघं हसली. मला ही दोघं वाचतील असं वाटलं. एकाने काढलेला विषय दुसऱ्याने उचलला, एवढ्यावरून.

हे उचलणं मोजणारा एक माणूस आहे. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी एक प्रयोगशाळा राहत्या फ्लॅटसारखी सजवली, तिथे जोडप्यांना राहायला बोलावलं आणि त्यांच्या साध्या बोलण्याची नोंद ठेवली. ‘बघ, बाहेर केवढी होडी चालली आहे’ एवढं एक जण म्हणतो. दुसरा बघतो, हुं करतो किंवा पेपरातून मान वर काढत नाही. सहा वर्षांनी पाहिलं तर टिकलेल्या जोडप्यांनी अशा हाकांना शंभरातल्या ८६ वेळा ओ दिली होती, मोडलेल्यांनी ३३ वेळा. असले आकडे वाचले की मी जरा सावध होते. घर काही टक्क्यांवर चालत नाही. पण होडीच्या जागी अंगणातला मोहर ठेवून पाहिला, आणि माझ्याच घरातल्या आठवड्याचा हिशेब लावला. तो इथे देत नाही.

एक सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यात मला दातांच्या डॉक्टरांच्या गोळ्यांचं पाकीट मिळालं. नवऱ्याला विचारलं. ‘दाढ काढली,’ तो म्हणाला. कधी? चार दिवस झाले. सांगितलं का नाहीस? ‘अगं, तू त्या पुरवणीच्या कामात होतीस.’ खरंच होते. चार दिवस तो एका बाजूने जेवत होता आणि मी समोर बसून जेवत होते. त्यात त्याची चूक कुठे होती ते मी अजून शोधते आहे. त्याने माझी सोय पाहिली होती.

*

सुरेष्टा देवी निकालातल्या दुसऱ्या अर्ध्या वाक्याची, वेगळ्या घरांत राहूनही एकत्र असणाऱ्यांची, एक जोडी नागपूरकरांना माहीत आहे. कुसुमावती देशपांडे आणि कवी अनिल. ती अमरावतीची जयवंत. पुढे शिकायला लंडनला गेली, परतल्यावर १९२९ मध्ये लग्न झालं. ती नागपूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची, तो न्यायखात्यात आणि पुढे समाजशिक्षणाच्या कामात. साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद १९५८ मध्ये मालवणला त्याला मिळालं, १९६१ मध्ये ग्वाल्हेरला तिला. त्या गादीवर बसलेली ती पहिली बाई. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती गेली. तो त्यानंतर वीस वर्षं जगला. तिच्या जाण्यानंतर अकरा वर्षांनी, १९७२ मध्ये, त्याने दोघांची पत्रं छापली: ‘कुसुमानिल’.

ही पत्रं लग्नाआधीची. आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी मुलींनी ती उशीखाली ठेवून वाचली. मी पन्नाशीत ती पुन्हा हातात घेतली तेव्हा वेगळीच हुरहूर लागली: पुढची बत्तीस वर्षं त्या पुस्तकात नाहीत. लंडन आणि नागपूर यांच्यामध्ये आगबोटीचे आठवडे असतात तेव्हा माणूस लिहितो. दोन खोल्यांमध्ये व्हरांडा असतो तेव्हा काय बोलतो, ते कुणी जपून ठेवत नाही, त्यांनीही ठेवलं नसावं. पत्र लिहिणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते: समोरच्याला आपल्याबद्दल काहीच माहीत नाही, सगळं सांगायला हवं. सोबत राहणाऱ्याला नेमकं उलट वाटतं.

*

‘मग वेगळी का होत नाहीत?’ हा प्रश्न मला तरुण मुलं विचारतात, मावशीची मुलगीही. त्याला पैशाचं एक उत्तर आहे, ते आधी. घर काकांच्या नावावर आहे. काकांच्या मागे मावशीला जी काही रक्कम येईल, ती बायको म्हणून. सरकारी नोकरांत तर हे सरळ आहे: घटस्फोट झाला की कुटुंब निवृत्तिवेतन गेलं. जपानमध्ये २००७ पासून घटस्फोटित बायकोला नवऱ्याच्या निवृत्तिवेतनातला निम्म्यापर्यंत हिस्सा मागता येतो. आपल्याकडे तसं काही नाही. जपान्यांजवळ शब्दही आहेत. एकाच घरात राहून वेगळं होण्याला ते ‘कतेइनाई बेक्क्यो’ म्हणतात, म्हणजे घरातल्या घरात विभक्त. आणि २००४ मध्ये सुगियामा युमिको नावाच्या लेखिकेने ‘सोत्सुकोन’ असा शब्द काढला, लग्नातून उत्तीर्ण होणं. घटस्फोट न घेता दोघांनी आपापलं जगायचं. आपल्याकडे पूर्वी याला वानप्रस्थ म्हणत असावेत, फक्त तिथे जंगल होतं, इथे मुलाची रिकामी खोली आहे.

आकडे बघायचे तर २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित म्हणून नोंदलेली माणसं १३ लाखांच्या वर होती. ‘विभक्त’ म्हणून नोंदलेली त्यांच्या जवळपास तिप्पट. न्यायालयाच्या व्हरांड्यात दिसतात त्या एकामागे कागदाविना वेगळी झालेली तीन माणसं. आणि मावशी-काका आजही या दोन्ही रकान्यांत बसणार नाहीत. मोजणीदार आला तर काका ‘विवाहित’ सांगतील, मावशी त्याला पाणी देईल.

नागपूर पोलिसांचा भरोसा सेल २०१७ पासून आहे, घरगुती तक्रारींसाठी आणि समुपदेशनासाठी. तिथे जायला तक्रार लागते. मावशीला मी सहज विचारलं, कुणाशी बोलावंसं वाटतं का गं, समुपदेशकाशी वगैरे? ‘काय सांगू त्यांना?’ ती म्हणाली. ‘ते चांगले आहेत, हे सांगू?’

हे ‘चांगले आहेत’ खरं आहे, ही यातली अवघड गोष्ट. काका तिची गुडघ्याची औषधं संपायच्या आत आणतात. ती त्यांचा डबा वेळेवर झाकून ठेवते. त्यांना एकमेकांचा राग नाही. माझी एक मैत्रीण म्हणते की मग लेख कशाला लिहितेस, हेच तर सुखी म्हातारपण. तिच्याशी मी अर्धी सहमत आहे. तीस वर्षं एका माणसाच्या घोरण्याशेजारी झोपलेल्या बाईला पासष्टाव्या वर्षी आपली खोली मिळाली तर तिने ती घ्यावी. आमच्या आज्यांना ती कधी मिळाली नाही. राहिलेली अर्धी मी एवढ्यासाठी अडकते की मावशीने ती खोली मागितली नव्हती. ती तिला सोयीने मिळाली.

आमच्या घरी आता कूलर नाही. २०१९ मध्ये एसी घेतला. कूलर आणि एसी यांत एक फरक आहे, नागपूरबाहेरच्यांना तो सांगावा लागतो. कूलर बाहेरची हवा ओढतो, म्हणून ती बाहेर जायला समोरचं दार, खिडकी उघडी लागते. बंद केलीत तर घर दमट होतं, अंथरूण चिकट होतं. एसीला उलट सगळं बंद लागतं. तीस वर्षं मेच्या रात्री आमच्या गल्लीत सगळ्यांची दारं उघडी असत आणि कुणाच्या घरात कोण खोकतं ते कळे. आता गल्ली शांत आहे.

*

गेल्या वर्षी, ऐन नवतप्यात, काकांच्या कूलरचा पंप जळाला. रात्री साडेदहाची वेळ, मेकॅनिक कुठला मिळणार. काका उशी घेऊन समोरच्या खोलीत आले. मावशीने जमिनीवर दुसरी गादी घातली, त्यांना पलंग दिला. दुसऱ्या दिवशी मी योगायोगाने तिकडे गेले तेव्हा दोघांचे डोळे लाल.

‘झोपच नाही आली,’ मावशी हळू आवाजात म्हणाली. ‘सवय गेली ना.’ काका अंगणातून म्हणाले, ‘ही रात्रभर कुशीवरून कुशीवर.’ मेकॅनिकला त्यांनी आठ वाजताच फोन केला होता. दहाच्या आत नवा पंप बसला.

त्याच सुमारास पुण्याहून मुलगा आला होता. आईबापांची धावपळ पाहून त्याने दोन्ही कूलरांना नळाची कायमची लाइन टाकून दिली आणि टाकीत फ्लोट बसवला, संडासाच्या टाकीत असतो तसला प्लास्टिकचा गोळा. पाणी वर आलं की आपोआप बंद. सोडायला नको, बंद करायला नको. मोरीत उभं राहायला नको, गुडघ्यांना किती आराम. मावशीने फोनवर मला कौतुकाने सांगितलं.

यंदा एप्रिलच्या शेवटी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले तर काका अंगणात, हातात जुना हिरवा पाइप.

‘सोडू का हो?’ आतून आवाज आला.

‘सोड.’

फ्लोट बिघडलाय, काका मला म्हणाले. पाणी कमी येतं त्याच्यातून. मी म्हटलं, कंपनीचा आहे, वॉरंटीत असेल, पंपवाल्यालाच सांगा ना. ‘सांगू,’ ते म्हणाले. पाणी काठावर आलं, ओघळलं, तुळशीच्या कुंडीत गेलं. ‘बस, बस! बंद कर! बहिरी झाली काय?’

मे गेला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा गेले, पाऊस अजून यायचा होता. मेकॅनिकला बोलावलेलं नव्हतं.